चोथा

मी मुळातली भित्री. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं हे कबूल करू नये, पण पालीपासून मांजरापर्यंत कशालाही हात लावायची वेळ आली की मी आधी दोन पावलं मागे सरकते. इतकी वर्षं मी मुलांना फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं, कारण फळ्यावरचा बेडूक उडी मारत नाही. वटवाघळं काय खातात याचा अभ्यास करायचं मी जाहीर केलं तेव्हा स्टाफरूममध्ये हसून हसून एकाला ठसका लागला.

पण मी पद्धतच अशी निवडली होती की वटवाघळाला हात म्हणून लावायचा नाही. जाळं नाही, पकडापकडी नाही, कुणाचं पोट तपासणं नाही. दिवसभर ती ज्या झाडाला उलटी लटकतात त्याच्याखाली चादर अंथरायची आणि वरून जे पडेल ते उचलायचं. पडतात दोन गोष्टी. एक म्हणजे शीट, त्यात उंबर-पिंपळाच्या खसखशीएवढ्या बिया असतात. दुसरा चोथा. मोठं वटवाघूळ फळ चावतं, रस गिळतं आणि उरलेला धाग्यांचा गोळा टाळूवर दाबून, पिळून, थुंकून टाकतं. आपण ऊस खाऊन टाकतो तसंच. हे सगळं वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की कुठलं फळ, कुठलं पान ते कळतं. जे नजरेला कळत नाही त्याचा चिमूटभर नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा, तिथे डीएनएवरून झाड ओळखतात. ‘प्राण्याला कोणताही त्रास नाही’ असं मी परवानगीच्या अर्जात लिहिलं. मलाही नाही, हे लिहिलं नाही.

झाडं सापडली आमच्या छत्तीसगडातल्या शहरात, गुढियारी भागाच्या पलीकडे, मालगाड्यांच्या रुळांमागच्या एका तलावावर. काठाला अर्जुनाची तीन मोठी झाडं, इकडे त्यांना कउहा म्हणतात. त्यांवर वटवाघळं इतकी की फांद्या काळ्या दिसायच्या. झाडांना लागूनच एक पारा, म्हणजे छोटी वस्ती. पहिलं घर एका म्हाताऱ्या बाईचं. ती एकटीच राहायची. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तरुणपणी तिनं मालधक्क्यावर पोती वाहिली होती, पाठ त्यामुळेच वाकलेली. इकडच्या रीतीप्रमाणे मी तिला दाई, म्हणजे आई, म्हणू लागले आणि ती मला नोनी, म्हणजे पोरी, म्हणू लागली.

काम थोडंच होतं. संध्याकाळी वटवाघळं उडून गेली की तीन चादरी अंथरायच्या, सकाळी ती परतली की पडलेला ऐवज चिमट्यानं उचलून कागदाच्या पुडीत घालायचा. मी सात वाजता स्कूटरवरून जायचे, पण संध्याकाळी रोज जाणं जमणार नव्हतं. मी दाईला विचारलं, तू चादरी अंथरशील का? तिनं माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि लगेच “हव”, म्हणजे हो, म्हणाली. मला माझ्या बोलण्याचं कौतुक वाटलं. पुढे सकाळचं उचलायचं कामही ती शिकली, माझ्यापेक्षा सफाईनं करू लागली. पुड्या तिच्या घरातल्या फळीवर राहायच्या आणि आठवड्यानं मी घेऊन जायचे.

घरात मात्र तिनं मला कधी घेतलं नाही. मी उंबऱ्याबाहेर, ती आत. दाराच्या वर लिंबू-मिरची टांगलेली, आणि मी आले की ती कोपऱ्यातला खराटा उचलून दाराशी आडवा ठेवायची. मी डब्यातलं काही दिलं तर पदरात घ्यायची, पण खाताना मी तिला कधी पाहिलं नाही. मला वाटायचं, शिटेत हात घालणाऱ्या बाईची शिसारी येत असेल बिचारीला. मी मास्क, हातमोजे घालून उकिडवी बसायचे, कोपरापर्यंत साबण लावायचे. कोरोनानंतर वटवाघूळ म्हटलं की लोकांचे डोळे पांढरे होत होते, निपाची बातमी आली की आणखीच. दुसऱ्या एका पाऱ्यात लोकांनी झाडाखाली टायर जाळून वटवाघळं हाकलल्याचं मी ऐकलं होतं. म्हणून मी दाईला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं, या पुड्यांत काय आहे ते कोनो ला झन बताबे. कुणालाही सांगू नकोस. तिनं तेव्हाही हात जोडले होते.

माझ्या आईला हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. “मले सांग, काहून जाऊन राहिली तू त्या झाडाखाली? अन् पोट्टीले तर नेऊच नको,” ती रोज म्हणायची. पोट्टी म्हणजे माझी आठ वर्षांची मुलगी. तिच्याशी आजी मराठीत बोलते आणि ती हिंदीत उत्तर देते, दोघींचं छान चालतं. ती एकदा हट्टानं माझ्यामागे स्कूटरवर बसून आली. दाईनं तिला जवळ बोलावलं, तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, मग घरातून काजळाची डबी आणून तिच्या कानामागे मोठा टिळा लावला आणि काहीतरी पुटपुटली. मला फार बरं वाटलं. घरी आल्यावर मी आईला सांगितलंसुद्धा, बघ, किती जीव लावते.

उन्हाळा चढला आणि पुड्यांतला ऐवज बुरशीनं खराब होऊ लागला. ओलावा शोषून घेणारे दाणे मिळतात ते संपले होते, कॉलेजची मागणी कुठल्याशा टेबलावर अडकली होती. घरी आई मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकते, मीठ पाझरू नये म्हणून. मी तीच युक्ती केली. तांदूळ कोरडा भाजला आणि प्रत्येक पुडीत चमचाभर घातला. पुड्या सुटायच्या म्हणून सदर बाजारातून दोऱ्याचं रीळ आणलं. लाल आणलं, पटकन दिसावं म्हणून. पुड्यांवरची नावं मी घरी बसून आधीच लिहून ठेवायचे. कामाच्या कच्च्या नोंदी मी नेहमी मराठीत करते, घरातली जुनी सवय आहे. काहींवर ‘शीट’, काहींवर ‘चोथा’, आणि खाली चादरीची जागा. जागा तीन होत्या: तलाव, हँडपंप आणि शीतलामातेचा चौरा, म्हणजे देवीचा ओटा. माझ्या हुशारीवर मी खूश होते. ती अशी अंगाशी येईल हे स्वप्नातही आलं नाही.

त्या उन्हाळ्यात पाऱ्यात तिघं गेले. एक म्हातारा उन्हाची लू लागून, एक बाई बाळंतपणात, आणि एक धडधाकट माणूस काविळीनं. दाईनं मला एकेक सांगितलं, माझ्याकडे न बघता. मग हँडपंपाजवळच्या घरातली सहा वर्षांची मुलगी तापानं पडली. त्या वेळी मला त्याचं वाईट वाटलं, पण मी पुड्या मोजून घेतल्या आणि निघाले, हेही खरं आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात मी सात वाजता पोचले तर तलावाच्या अलीकडूनच गर्दी दिसली. दाईच्या दारासमोर वीसपंचवीस माणसं, बायका मागे, मुलांना पोटाशी धरून. मधे एक खाट, खाटेवर माझ्या पुड्या. एक पुडी कुत्र्यानं ओढत रस्त्यावर नेली होती म्हणे, ती हँडपंपापाशी सापडली, आणि मग लोकांनी दाईची फळी उपसली. काही पुड्या सोडलेल्या होत्या. तांदूळ जमिनीवर सांडला होता आणि दोन बायका कोंबड्यांना त्यापासून हाकलत होत्या. कोंबडीनंसुद्धा तो दाणा टिपू नये म्हणून चाललेली ती धडपड पाहिली आणि मी स्कूटर गर्दीच्या मागेच थांबवली.

तांदूळ, लाल दोरा, काळा सुकलेला गोळा. हे काय दिसतं ते छत्तीसगडात राहणाऱ्या कुणाला सांगावं लागत नाही. टोना, म्हणजे करणी. आणि टोना करणारी ती टोनही. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ज्या बाईला तो चिकटतो तिचे केस कापतात, तिला वस्तीबाहेर काढतात, त्याहून भयंकरही करतात. एखादीला टोनही म्हणणं हा आमच्या राज्यात गुन्हा आहे, वेगळा कायदा आहे. पण कायदा त्या वेळी तलावावर हजर नव्हता.

पाऱ्यात सगळ्यांचे अर्ज लिहून देणारा एक शिकलेला माणूस होता. त्यानं पुडी डोळ्यांजवळ धरली आणि मोठ्यानं वाचली. “साफ लिखा है. चौथा. हैंडपंप.”

बायकांनी पोरांना आणखी जवळ ओढलं. तिघं गेले होते. हँडपंपाच्या घरातली मुलगी आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. पुडीवर चौथा कोण ते लिहिलेलं होतं, जागेसकट. वर हिंदीत मेल्यानंतरच्या चौथ्या दिवसाच्या विधीलाही चौथाच म्हणतात. माझं अक्षर, माझ्या आईच्या तोंडचा शब्द, आणि मी तो शंभर पुड्यांवर लिहून त्या पाऱ्यात आणून ठेवला होता.

दाई आपल्या उंबऱ्यावर बसली होती. डोक्यावरचा पदर कुणीतरी ओढलेला, पांढरे केस मोकळे. “बैगाला बोलवायला माणूस गेलाय,” माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं. बैगा म्हणजे झाडफूक करणारा. त्यानं येऊन एकदा का बोट दाखवलं की मग कुणाचं काही चालणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

आता जे सांगते ते सांगायची मला लाज वाटते. माझं हेल्मेट डोक्यावर होतं. स्कूटर चालू होती. हेल्मेटमधली बाई कोण हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला वळता आलं असतं. पोलिसांना आणायला जाते, असं मी स्वतःला सांगितलंही, आणि ते कारण किती सोयीचं आहे हे कळूनही माझा हात ब्रेकवरून सुटला होता. पाचावर धारण बसणं मी पुस्तकात वाचलं होतं. त्या सकाळी ते काय असतं ते कळलं. कानात वटवाघळांचा कलकलाट, आणि डोक्यात एकच विचार, माझं नाव येऊ नये.

“ये काकर आय?” त्या शिकलेल्या माणसानं दाईला विचारलं. कुणाचं आहे हे?

दाईनं मान वर केली. तिनं मला पाहिलं. हेल्मेट असूनही ओळखलं, स्कूटर तिच्या ओळखीची होती. क्षणभर तिची नजर माझ्यावर थांबली, मग तिनं ती काढून घेतली.

“मोर आय,” ती म्हणाली. माझं आहे.

गर्दी एक पाऊल पुढे सरकली. मी स्कूटर तशीच टाकली, ती आडवी पडली, त्या आवाजानं सगळे वळले.

“माझ्या आहेत! त्या पुड्या माझ्या आहेत!” मी ओरडले. भीतीनं हिंदी विसरले होते. दोनदा मराठीतच बोलले, मग भान आलं. “मेरे हैं. दाई ने कुछ नहीं किया. मैं कॉलेज में पढ़ाती हूँ. लिखा हुआ मेरा है.”

“तो ये चौथा कौन है?” त्या माणसानं विचारलं. त्याचा आवाज चढला होता, पण पुडी त्यानं आता अंगापासून लांब धरली होती. तोही घाबरला होता, मला आता वाटतं.

मी समजवायला लागले. फळ, दात, बिया, सूक्ष्मदर्शक. एकही शब्द कुणापर्यंत पोचत नव्हता. वर्गात अशा वेळी मी फळ्याकडे वळते. इथे फळा नव्हता. मग आठवलं, डिकीत डबा होता आणि आईनं त्यात दोन गावरान आंबे घातले होते, धागेवाले, चोखायचे. मी पडलेल्या स्कूटरची डिकी उघडली, आंबा काढला आणि सगळ्यांसमोर दातांनी साल फाडून खायला लागले. रस कोपरावरून ओघळत होता. तोंडातले धागे जिभेनं टाळूवर दाबले, पिळले आणि तळहातावर थुंकले. मग खाटेवरच्या पुडीतला गोळा उचलला, हातमोज्याशिवाय, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तो त्याच्याशेजारी ठेवला.

“ये चमगादड़ का जूठा है. ये मेरा. इसको हमारी मराठी में चोथा बोलते हैं. चो. चौ नहीं.”

तळहात मी सगळ्यांपुढून फिरवला. आजारी मुलीची आई वाकून बघायला आली, तीच पहिली. “सीठी,” ती हळूच म्हणाली. रस पिळून उरतं त्याला इकडे तोच शब्द आहे. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काय म्हणाली, सीठी?” आणि कुणीतरी हसलं. चांगलं हसू नव्हतं ते, पण लोक श्वास घ्यायला लागले.

शिकलेला माणूस सहजासहजी हार मानणार नव्हता. पुडी उन्हात धरून तो पुन्हा पुन्हा बघत होता. वर एक मात्रा की दोन. मी घाईत लिहिते, माझी मात्रा फाटते, हे माझे विद्यार्थीही सांगतात. एवढ्याशा रेघेवर त्या म्हातारीचा जीव टांगला होता. शेवटी तो म्हणाला, “लड़की ठीक हो जाए, तब मानेंगे.”

बैगा यायच्या आत मी त्या मुलीला आणि तिच्या आईला स्कूटरवर बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. रक्तात मलेरिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या. पुढचे चार दिवस मी रोज दवाखान्यात जात होते आणि खरं सांगायचं तर मुलीच्या काळजीइतकीच मला त्या ‘तब मानेंगे’ची भीती होती. मी एका समाजसेविका बाईंना दाईकडे राहायला पाठवलं, पोलीस चौकीत सांगून ठेवलं, आणि तरी सकाळी फोन वाजला की तो उचलायला मी धजायचे नाही. पाचव्या दिवशी मुलीनं बिस्किट मागितलं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

पंधरा दिवसांनी मी दाईकडे गेले. चादरी गोळा करून आणायच्या होत्या, काम मी थांबवलं होतं. तिचे केस पुन्हा नीट बांधलेले होते. मी उंबऱ्याबाहेर बसले, सवयीनं. खराटा आज कोपऱ्यात उभा होता, दाराशी आडवा नव्हता. ते माझ्या लक्षात आलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. लिंबू-मिरची. न खाल्लेला डबा. पहिल्याच दिवशी जोडलेले हात. माझ्या मुलीच्या कानामागचा काजळाचा टिळा.

“दाई,” मी विचारलं, “तैं मोला टोनही समझत रहेस?” तू मला टोनही समजत होतीस?

“हव,” ती म्हणाली. अगदी साधेपणानं. तोंड झाकून येते, चमगादडाची घाण गोळा करते, तांदूळ घालून लाल दोऱ्यानं बांधते, कुणाला सांगू नको म्हणते. दुसरं काय समजायचं? “तोला नहीं कइसे कहितेंव?” तुला नाही कशी म्हणणार होते मी?

वर्षभर ही बाई मला घाबरून माझं काम करत होती. तिनं माझ्या मुलीला टिळा लावला होता तो माझ्यापासून तिला जपायला. मला शरमेनं मान वर करवेना.

“मग त्या दिवशी,” मी मराठीतच बोलून गेले, “त्या दिवशी माझं आहे असं का म्हणालीस?”

तिला तेवढं मराठी कळलं. तिनं पदर सारखा केला.

“तोर घर म नोनी हे,” ती म्हणाली. तुझ्या घरी लेक आहे. “मोर का हे. मैं त डोकरी हो गेंव.” माझं काय, मी तर म्हातारी झाले.

“पण दाई, मी टोनही नव्हते गं.”

“हव, अब जानथों,” ती म्हणाली. आता माहीत आहे. मग आत जाऊन पेल्यात पाणी घेऊन आली आणि माझ्या हातात देताना म्हणाली, “ओ दिन नइ जानत रहेंव.”

त्या दिवशी तिला माहीत नव्हतं.